इंधनाचा पत्ता

पनवेलहून रोह्याकडे जाणाऱ्या मेमूत रसायनी, आपटा, जिते, हमरापूर आणि पेण ही स्टेशनं एकामागोमाग येतात. आपटा स्टेशनाला 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'च्या शेवटच्या प्रसंगाने देशभर ओळख मिळवून दिली. हमरापूर आणि पेणला गणेशमूर्तींनी. मधलं जिते हे लोहमार्ग आणि मुंबई-गोवा महामार्ग दोन्ही जवळ असलेलं, कर्नाळ्याचा सुळका मागे टाकून खारपाड्याची पातळगंगा ओलांडली की लागणारं गाव. आणि रसायनी म्हणजे 'एचओसी'. या भागातल्या दोन पिढ्या 'एचओसीत लागलो' एवढ्या दोन शब्दांत आपली नोकरी सांगत आल्या.

हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी १९६० साली स्थापन झाली. रंग, औषधं आणि रबराच्या उद्योगांना लागणारी मूलभूत रसायनं देशातच तयार व्हावीत, हा तिचा हेतू होता. पुढे स्वस्त आयातीपुढे तिचा टिकाव लागेना, तोटा वाढत गेला, आणि मे २०१७ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीतले सगळे न परवडणारे प्रकल्प बंद करायचं ठरवलं. जवळजवळ साडेचारशे एकर जमीन भारत पेट्रोलियमला विकायची असंही ठरलं. त्या निर्णयात एकच अपवाद होता. डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचा प्रकल्प बंद करायचा नाही. सुमारे वीस एकर जमीन आणि तिथल्या कर्मचाऱ्यांसह तो इस्रोकडे सोपवायचा. कारण सरकारने स्पष्ट शब्दांत सांगितलं होतं: रॉकेटमध्ये लागणाऱ्या या द्रवाचा देशातला हा एकमेव स्रोत आहे.

एका आजारी कारखान्याच्या विल्हेवाटीची बातमी म्हणून ती आली आणि गेली. मला ती अंतराळप्रवासाच्या इतिहासातली मोठी बातमी वाटते. पुढच्या शंभर वर्षांत माणूस कोणत्या इंजिनावर मंगळाला, गुरूला, ताऱ्यांकडे जाईल याची चर्चा जगभर चालते. आयन इंजिन, अणुइंजिन, सौरशीड, संलयन, प्रतिद्रव्य अशी नावं घेतली जातात, वेगांची तुलना होते, सुंदर चित्रं छापली जातात. त्या चर्चेत एक प्रश्न फार क्वचित विचारला जातो: या इंजिनात घालायचं ते कुठे तयार होणार, कोण तयार करणार, आणि ते हाताळताना कोणाच्या जिवाला घोर लागणार? रसायनीचे वीस एकर हे त्या प्रश्नाचं एका पद्धतीपुरतं, अगदी नकाशावर बोट ठेवून देता येणारं उत्तर आहे. म्हणून भविष्यातल्या सगळ्याच पद्धतींची तुलना याच कसोटीवर करून पाहावी असं वाटलं.

त्यातही रायगड जिल्हा सोयीचा आहे. जित्याला मध्य धरून पन्नास किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्यात रसायनी येतं, डोलवीचा पोलाद कारखाना येतो, थळचा अमोनिया-युरियाचा प्रकल्प येतो, खाडीपलीकडचं तुर्भ्याचं भाभा अणुसंशोधन केंद्र येतं आणि ज्या विक्रोळीत गोदरेजच्या कारखान्यात इस्रोची विकास इंजिनं तयार होतात तीही येते. गोदरेजने तर २०२३ मध्ये खालापुरात अंतराळ विभागाच्या नव्या केंद्रासाठी अडीचशे कोटींची गुंतवणूक जाहीर केली. रॉकेटच्या भूत-भविष्याचा एवढा ऐवज इतक्या जवळजवळ असलेला दुसरा परिसर मला माहीत नाही.

आधी रसायनीचा द्रव नीट पाहू.

डायनायट्रोजन टेट्रॉक्साइडचं मूळ अमोनियात आहे. अमोनिया तापलेल्या प्लॅटिनमच्या जाळीवरून हवेसोबत नेला की त्याचं ज्वलन होऊन नायट्रोजनची ऑक्साइडं तयार होतात. ती थंड करून, पाणी काढून टाकून, दाबाखाली द्रवरूपात आणली की हाती येतो तांबूस-तपकिरी द्रव. तो एकवीस अंशांना उकळतो. म्हणजे रसायनीच्या उन्हाळ्यात सोडाच, डिसेंबरातल्या दुपारीही तो उघड्या भांड्यात राहणार नाही. लालसर धूर होऊन निघून जाईल. तो धूर फुप्फुसातल्या ओलाव्यात विरघळला की तिथे आम्ल तयार होतं. घातक गोष्ट ही की त्रास लगेच जाणवतोच असं नाही. माणूस घरी जातो, जेवतो, आणि काही तासांनी फुप्फुसात पाणी भरू लागतं. १९७५ च्या जुलैत अमेरिकी-सोव्हिएत संयुक्त मोहिमेवरून परतणाऱ्या तीन अमेरिकी अंतराळवीरांच्या यानात उतरताना हाच वायू शिरला होता आणि तिघांना होनोलुलूच्या रुग्णालयात ठेवावं लागलं. म्हणून हा द्रव भरताना कामगार पूर्ण अंग झाकणारा, श्वासाच्या हवेचा स्वतंत्र पुरवठा असलेला पोशाख घालतात.

एवढं जोखमीचं रसायन वापरायचं कशाला? कारण हायड्रॅझिनच्या कुळातल्या इंधनाशी नुसती गाठ पडली की ते काही सहस्रांश सेकंदांत पेट घेतं. ठिणगी लागत नाही, पेटवण्याची यंत्रणा लागत नाही, बिघडण्यासारखं फारसं काही उरतच नाही. शिवाय दोन्ही द्रव साध्या तापमानाला टाक्यांत भरून ठेवता येतात. विकास इंजिनात रसायनीचा ऑक्सिडीकारक आणि आंध्रातल्या तणुकूला एका साखर कंपनीच्या रासायनिक विभागात तयार होणारं इंधन एकत्र येतं. ऊस आणि अमोनिया यांच्या आश्रयाने वाढलेले दोन कारखाने, आणि त्यांच्या संगमातून ऐंशी टनांच्या आसपास रेटा.

या इंजिनाचा जन्मही सांगण्यासारखा आहे. १९७४ मध्ये इस्रोने फ्रान्सच्या एसईपी कंपनीशी करार केला. पैसे द्यायला नव्हते, म्हणून मोबदल्यात भारतीय अभियंत्यांनी फ्रान्समध्ये जाऊन त्यांच्या व्हायकिंग इंजिनावर काम करायचं, असं ठरलं. नंबी नारायणन यांच्या तुकडीने व्हर्नोंला राबून ते तंत्र आत्मसात केलं. भारतात घडवलेल्या इंजिनाची चाचणी १९८५ मध्ये तिथेच झाली. १५ ऑक्टोबर १९९४ ला पीएसएलव्ही यशस्वी झालं ते दुसऱ्या टप्प्यातल्या या इंजिनाच्या बळावर. फ्रान्सने एरियान-४ सोबत व्हायकिंग २००३ मध्ये निवृत्त केलं. आपण विकास आजही उडवतो. चांद्रयान-३ नेणाऱ्या एलव्हीएम-३ च्या मधल्या टप्प्यात दोन विकास इंजिनं होती आणि सुमारे एकशे दहा टन द्रव.

रॉकेटचं गणित मुळात एका ओळीचं आहे, आणि ते १९०३ मध्ये रशियातल्या कालुगा गावच्या त्सिओल्कोव्हस्की नावाच्या शाळामास्तरांनी मांडलं. यानाचा वेग किती वाढेल हे दोनच गोष्टींवर ठरतं: मागे फेकलेल्या झोताचा वेग, आणि भरलेल्या व रिकाम्या यानाच्या वजनांचं गुणोत्तर. लांबच्या पल्ल्याला निघालेल्या बैलगाडीत वैरण भरायची, मग ती वैरण ओढायला आणखी एक जोडी जुंपायची, मग त्या जोडीची वैरण, असा हा जाच आहे. त्यातून सुटायला एकच वाट: झोताचा वेग वाढवणं. विकासच्या झोताचा वेग सेकंदाला जेमतेम तीन किलोमीटर. द्रव हायड्रोजन आणि द्रव ऑक्सिजन जाळणाऱ्या आपल्या क्रायोजेनिक इंजिनाचा चार किलोमीटरांपेक्षा थोडा अधिक. रासायनिक इंजिनांची ही जवळजवळ शेवटची पायरी आहे. रेणूंच्या बंधांत जेवढी ऊर्जा निसर्गाने ठेवली तेवढीच मिळणार. त्यापुढे अभियंत्याची हुशारी चालत नाही.

मंगळयानाचं उदाहरण घेऊन हे मोजता येतं. ५ नोव्हेंबर २०१३ ला निघालेल्या त्या यानाचं वजन १३३७ किलो होतं, आणि त्यातलं ८५२ किलो नुसतं इंधन. त्याच्या मुख्य इंजिनाचा रेटा ४४० न्यूटन, म्हणजे पृथ्वीवर पंचेचाळीस किलोचं ओझं तोलण्याएवढा. त्यात रसायनीच्या द्रवाच्याच कुळातला ऑक्सिडीकारक होता. सुमारे तीनशे दिवस ते इंजिन अवकाशात बंद पडून होतं. नळ्यांत इतके महिने राहिलेला संक्षारक द्रव, झडपा, थंडी. ते पुन्हा पेटेल का, या शंकेने तेव्हा सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. २२ सप्टेंबर २०१४ ला ते चार सेकंद पेटवून पाहिलं. पेटलं. २४ च्या सकाळी ते सुमारे चोवीस मिनिटं जळलं, त्यातला काही काळ यान मंगळाआड होतं, आणि तिथून निघालेला संदेश इथे पोहोचायला बारा मिनिटांहून अधिक वेळ लागत होता. यानाचा वेग सेकंदाला अकराशे मीटरनी कमी झाला आणि मंगळाने त्याला आपल्याकडे ठेवून घेतलं. गाठ पडताच पेटणाऱ्या त्या विषारी द्रवाने ती सकाळ मिळवून दिली. त्या द्रवाची निंदा करताना हे विसरू नये.

आता त्याच यानाला वेगवेगळी इंजिनं जोडून बघू. ८५२ किलो इंधनात त्याला एकूण तीन किलोमीटरांच्या आसपास वेगबदल मिळत होता. झोताचा वेग सव्वाआठ किलोमीटर असलेलं अणुऔष्णिक इंजिन कागदावर जोडलं, तर तेवढ्याच बदलाला चारशे किलोच्या वर थोडं इंधन पुरेल. सेकंदाला वीस किलोमीटर झोत असलेलं विद्युत इंजिन जोडलं तर दोनशे किलोही लागणार नाही. कागदावर सामना इथेच संपतो. प्रत्यक्षात इथे सुरू होतो.

विद्युत इंजिनात जळत काहीच नाही. झेनॉनसारख्या जड वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन काढून घ्यायचे आणि उरलेल्या आयनांना विद्युतक्षेत्राने मागे पिटाळायचं. रशियात अनेक दशकं वापरात असलेल्या एका प्रसिद्ध जातीचं इंजिन साडेतेराशे वॅट वीज घेतं आणि रेटा देतं ८३ मिलिन्यूटन. हे आठ ग्रॅमच्या वजनाएवढं झालं. विकासचा रेटा याच्या जवळजवळ एक कोटी पट. मंगळयानाला ते जोडलं असतं तर तेवढा वेगबदल साधायला अखंड दीड वर्ष चालवावं लागलं असतं, तेही मंगळाजवळ त्याच्या सौरपट्ट्या ८४० वॅटच देत असताना. शिवाय पृथ्वीच्या गुरुत्वातून असं गोल गोल फिरत हळूहळू वर चढायचं तर एकूण खर्च दुपटीच्या आसपास जातो. जमिनीवरून उडायला तर हे इंजिन कधीच उपयोगी पडणार नाही. स्वतःचं वजनही त्याला उचलत नाही.

आणि तरीही सूर्यमालेतल्या मालवाहतुकीचं भविष्य याच इंजिनाचं आहे, असं माझं ठाम मत आहे. नासाचं डॉन यान २००७ मध्ये निघालं, सव्वाचारशे किलो झेनॉनवर आधी वेस्टा आणि मग सेरेस या दोन वेगळ्या गोलांभोवती फिरलं. असं करणारं ते पहिलं यान. त्याने आपल्या इंजिनांवर सेकंदाला अकरा किलोमीटरांहून अधिक वेग कमावला. रासायनिक इंजिनावर ही मोहीम त्या आकाराच्या यानाला जमलीच नसती. आपल्याकडे मे २०१७ मध्ये उडालेल्या दक्षिण आशिया उपग्रहावर विद्युत इंजिन होतं, आणि मार्च २०२५ मध्ये इस्रोने ३०० मिलिन्यूटनच्या इंजिनाची हजार तासांची चाचणी पूर्ण केली. दळणवळण उपग्रहातली टनभर रसायनं काढून त्या जागी उपयोगाची यंत्रं बसवायची, हा त्यामागचा सरळ व्यवहार आहे.

पण झेनॉनचा पत्ता काय? तो हवेत आहे. अगदी जित्याच्या भातखाचरांवरच्या हवेतही. प्रमाण मात्र असं की एक लिटर झेनॉनसाठी एक कोटी पंधरा लाख लिटर हवा गाळावी लागते. २०२३ मध्ये निघालेल्या सायकी यानात निघताना १०८५ किलो झेनॉन होता. तेवढ्यासाठी दोन घन किलोमीटरांहून जास्त हवा लागते. नुसत्या झेनॉनसाठी कोणी एवढी हवा थंड करणार नाही. पोलाद कारखान्यांना ऑक्सिजन लागतो, त्यासाठी हवेचं द्रवीकरण करणारे प्रचंड मनोरे उभे असतात, आणि त्यांच्या तळाशी साचणाऱ्या द्रव ऑक्सिजनात हे दुर्मिळ वायू गोळा होतात. ऑक्सिजन उणे १८३ अंशांना उकळतो, क्रिप्टॉन उणे १५३ ला, झेनॉन उणे १०८ ला. जो उशिरा उकळतो तो तळाशी राहतो. म्हणजे आयन इंजिनाच्या इंधनाचा खरा पत्ता पोलाद कारखाना हा आहे. युक्रेनमध्ये युद्ध पेटलं, तिथले पोलाद कारखाने बंद पडले, तेव्हा जगात झेनॉनचा भाव कडाडला तो यामुळेच. स्टारलिंकने आपले उपग्रह आधी क्रिप्टॉनवर आणि मग आर्गॉनवर नेले. आर्गॉन हवेत जवळजवळ एक टक्का असतो.

पेण तालुक्यात धरमतरच्या खाडीवर डोलवीला वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा पोलाद कारखाना आहे. २०२१ च्या उन्हाळ्यात करोनाच्या लाटेत महाराष्ट्रातली रुग्णालयं श्वासासाठी तडफडत होती तेव्हा याच डोलवीतून द्रव ऑक्सिजनचे टँकर निघाले होते. तोच द्रव ऑक्सिजन हा उद्याच्या रॉकेटांचा मुख्य ऐवज आहे. इस्रोची पुढची दोन्ही पावलं तिकडेच पडताहेत. पहिलं सेमी-क्रायो इंजिन, शुद्ध केलेलं केरोसीन आणि द्रव ऑक्सिजन जाळणारं; २८ मार्च २०२५ ला महेंद्रगिरीत त्याच्या मुख्य भागांची पहिली तप्त चाचणी झाली. दुसरं पाऊल नव्या पिढीच्या प्रक्षेपकाचं, ज्याला सप्टेंबर २०२४ मध्ये सव्वाआठ हजार कोटी मंजूर झाले. त्यात मिथेन आणि द्रव ऑक्सिजन असतील. मिथेन म्हणजे दाभोळहून पनवेलकडे येणाऱ्या वाहिनीतून याच जिल्ह्यातून वाहतो तो नैसर्गिक वायू, अधिक शुद्ध केलेला.

विषारी द्रवांना पर्याय लहान इंजिनांतही शोधला जातो आहे. पवईच्या आयआयटीत 'प्रथम' उपग्रहावर काम केलेले तुषार जाधव आणि त्यांचे सहकारी अष्टेश कुमार यांनी २०१७ मध्ये 'मनस्तू स्पेस' सुरू केली. उपग्रहांची छोटी इंजिनं हायड्रॅझिनऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइडवर चालवायची, हा त्यांचा ध्यास. डिसेंबर २०२४ मध्ये पीएसएलव्हीच्या चौथ्या टप्प्यावर त्यांचं इंजिन अवकाशात गेलं. पेरॉक्साइड हे कापड आणि कागद विरंजनाचं रोजचं रसायन. कल्याणला त्याचा कारखाना अनेक वर्षं चालतो आहे. रॉकेटसाठी ते फार तीव्र आणि फार शुद्ध लागतं, पण सांडलं तर फुप्फुसांत आम्ल होत नाही. कामगाराच्या बाजूने पाहिलं तर हा फरक झोताच्या वेगातल्या पाच-दहा टक्क्यांपेक्षा मोठा आहे.

घन इंधनाबद्दल थोडक्यातच सांगतो, कारण लांबच्या प्रवासात त्याला फारसं स्थान नाही. एकदा पेटलं की विझवता येत नाही. पण भारताला अवकाशाचं दार त्यानेच उघडून दिलं, आणि त्यामागे पुण्यात जन्मलेले वसंत गोवारीकर होते. बर्मिंगहॅमला डॉक्टरेट केलेला हा रसायनतज्ज्ञ १९६७ मध्ये थुंब्याला आला. देशात प्रणोदकाचा उद्योग शून्यातून उभारणाऱ्यांत त्यांचं नाव पुढचं आहे. १८ जुलै १९८० ला रोहिणी उपग्रह सोडणाऱ्या एसएलव्ही-३ चे चारही टप्पे घन इंधनाचे होते आणि गोवारीकर तेव्हा विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला, जिथे एकेकाळी साखर कारखान्यांची यंत्रं बनत, तिथे आज घन इंधनाच्या टप्प्यांची पोलादी कवचं घडतात.

अणुइंजिनाकडे वळताना नजर खाडीपलीकडे तुर्भ्याकडे जाते. यात अणुभट्टीतून हायड्रोजन नेऊन तापवायचा आणि मागे सोडायचा. काहीही जाळायचं नसल्याने सर्वांत हलका रेणू वापरता येतो, आणि झोताचा वेग क्रायोजेनिकच्या दुप्पट होतो. अमेरिकेने ही इंजिनं साठच्या दशकात नेवाडाच्या वाळवंटात प्रत्यक्ष चालवली, आणि १९७३ मध्ये पैशांअभावी कार्यक्रम बंद केला. २०२३ मध्ये 'ड्रॅको' नावाने पुन्हा उभारी धरली, अवकाशात उड्डाणाचं वर्षही ठरलं, आणि २०२५ मध्ये तेही गुंडाळलं. पन्नास वर्षांच्या अंतराने दोनदा तेच. इंजिन अशक्य नाही. पण त्याचं समृद्ध युरेनियम कोण देणार, उघड्यावर चाचणी कोण करू देणार आणि उणे २५३ अंशांचा हायड्रोजन महिनोन्महिने उडून न जाता कसा सांभाळणार, ही तीन कुलपं अजून उघडलेली नाहीत. जानेवारी १९७८ मध्ये अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॅनडावर कोसळला आणि किरणोत्सारी तुकडे हिमप्रदेशात विखुरले. ती भीती साधार आहे.

तरी माणसाला मंगळावर न्यायचं तर या इंजिनाला टाळता येईल असं मला वाटत नाही. रासायनिक इंजिनावर एका बाजूचा प्रवास सहा ते नऊ महिन्यांचा. क्युरिऑसिटी यानाने जाताना वाटेतला किरणोत्सार मोजला, त्यावरून जाऊन-येऊन सुमारे ०.६६ सिव्हर्ट मात्रा होते. अणुऊर्जा केंद्रातल्या कामगाराला अनेक वर्षांत मिळून घेऊ दिली जाते त्याहूनही ती जास्त आहे. प्रवास छोटा करणं हेच त्यावरचं औषध. माल विद्युत इंजिनावर संथपणे आधी पाठवावा आणि माणसांनी अणुइंजिनावर घाईने मागून जावं, ही विभागणी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. तुर्भ्याचं यातलं पाऊल अजून लहान आहे, पण पडलेलं आहे: चांद्रयान-३ च्या प्रणोदन यानात भाभा केंद्राने घडवलेले एक-एक वॅटचे दोन किरणोत्सारी तापक होते. रेटा देण्यासाठी नव्हेत, ऊब देण्यासाठी.

इंधनच नको असं म्हणणारी एक पद्धत आहे, सौरशीड. प्रकाश परावर्तित होताना आरशाला किंचित ढकलतो. पृथ्वीच्या अंतरावर उत्तम आरशाच्या एका चौरस मीटरवर हा रेटा नऊ मायक्रोन्यूटन. मंगळयानाच्या छोट्या इंजिनाएवढा रेटा हवा तर जवळजवळ पन्नास चौरस किलोमीटरचं शीड लागेल, म्हणजे कर्नाळा अभयारण्याच्या चौपट. पण प्रकाश थकत नाही. जपानच्या इकारोसने २०१० मध्ये केसाहून कितीतरी पातळ पडद्यावर हे करून दाखवलं. लहान आणि घाई नसलेल्या यानांसाठी ही पद्धत आहे. हिला इंधनाचा पत्ता शोधावा लागत नाही, म्हणून माझ्या मनात तिच्यासाठी खास जागा आहे.

ताऱ्यांची गोष्ट मात्र पूर्ण वेगळी. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ आज सेकंदाला सतरा किलोमीटरने सूर्यमालेबाहेर जात आहे. त्या वेगाने सर्वांत जवळच्या ताऱ्याएवढं अंतर कापायला पाऊण लाख वर्षं लागतील. ब्रिटनच्या इंटरप्लॅनेटरी सोसायटीने सत्तरच्या दशकात 'डेडॅलस' नावाचं संलयन-यान आखलं. ते बर्नार्डच्या ताऱ्याला पन्नास वर्षांत पोहोचायचं होतं. त्या अभ्यासकांनी इंधनाचा पत्ताही प्रामाणिकपणे लिहून ठेवला: हजारो टन हेलियम-३ पृथ्वीवर मिळणार नाही, म्हणून गुरूच्या वातावरणात फुग्यांवर तरंगणारे कारखाने उभारावेत. या एका वाक्यावरून त्या यानाला किती शतकं लागतील याचा अंदाज येतो. प्रतिद्रव्याचा हिशोब याहून बिकट. एका ग्रॅमात अणुबॉम्बची ऊर्जा, पण सर्नच्या यंत्रांनी आजवर घडवलेलं सगळं प्रतिद्रव्य ग्रॅमच्या अब्जांशांत मोजावं लागतं. २०१६ मध्ये मांडलेल्या 'स्टारशॉट'ने काही ग्रॅमचं यान लेसरच्या झोताने प्रकाशाच्या पाचव्या हिश्शाने पळवण्याचं योजलं. त्यासाठी काही मिनिटं शंभर गिगावॅट वीज हवी, महाराष्ट्राच्या उन्हाळ्यातल्या कमाल मागणीच्या सुमारे तिप्पट. तिन्हींमध्ये मला हाच मार्ग खरा वाटतो, कारण त्यात इंधन यानावर नसतं आणि वीजघर आपल्या जमिनीवर असतं. पण त्यातून माणूस जाणार नाही.

या सगळ्या तुलनेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा प्रयोग अगदी लहान आहे. पर्सिव्हरन्स यानावर 'मॉक्सी' नावाची पेटी होती. २०२१ ते २०२३ या काळात तिने मंगळाच्या हवेतला कार्बन डायऑक्साइड फोडून एकूण १२२ ग्रॅम ऑक्सिजन तयार केला. दुसऱ्या ग्रहावर ऑक्सिडीकारक तयार होण्याची ही पहिली वेळ. मिथेनवर एवढा भर दिला जातो तोही याचसाठी, की तिथला कार्बन आणि बर्फातला हायड्रोजन जोडून तो मंगळावरच घडवता येईल. परतीचं इंधन इथून वाहून न्यायचं नसेल तर त्सिओल्कोव्हस्कींच्या समीकरणाचा जाच निम्म्याहून कमी होतो. म्हणजे मंगळावर जाण्याची मोठी अडचण नव्या इंजिनाच्या शोधाने जितकी सुटेल तितकीच तिथे एक रसायनी वसवण्याने सुटेल.

इथल्या रसायनीचं काम अजून संपलेलं नाही. गगनयानाचे अंतराळवीर एलव्हीएम-३ वरूनच जाणार आहेत, आणि त्यातही विकास इंजिनं आहेत. पण सेमी-क्रायो टप्पा त्यांची जागा घेण्यासाठीच तयार होतो आहे, आणि नव्या पिढीच्या प्रक्षेपकात या तपकिरी द्रवाला जागा नाही. एचओसीचे बाकीचे प्रकल्प कसे गेले हे या पट्ट्याने पाहिलं आहे: आधी तोटा, मग चर्चा, मग टाळं, आणि तीस-तीस वर्षं घातक रसायनं बिनचूक हाताळलेली माणसं घरी. त्या हातांतलं कौशल्य कुठल्याही यंत्राच्या किमतीत मोजता येत नाही, आणि एकदा विखुरलं की पुन्हा गोळा होत नाही. या वीस एकरांचं पुढचं काम विकास निवृत्त होण्याआधी ठरलं पाहिजे. रॉकेटच्या दर्जाचा हायड्रोजन पेरॉक्साइड तिथे होऊ शकतो. डोलवीच्या मनोऱ्यांच्या तळातून क्रिप्टॉन-झेनॉन वेगळा काढून शुद्ध करण्याचं केंद्र तिथे होऊ शकतं. कच्चा माल त्याच लोहमार्गावर पेणपलीकडे आहे, बाजार बंगळुरूपासून जगभर आहे, आणि गिऱ्हाईक असलेली इस्रो त्या जागेची मालकच आहे. मिथेन शुद्ध करून द्रवरूपात ठेवण्याचं शिक्षण पेण-पनवेलच्या आयटीआयमध्ये सुरू करायला तर नव्या कारखान्याची वाटही पाहावी लागत नाही.